निळी गोळी, लाल गोळी

सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकलेल्या मुलींना निळी गोळी चांगली ठाऊक असते. आठवड्यातल्या ठरलेल्या वारी, डबा खाऊन झाला की बाई एकेकीच्या हातावर ती ठेवतात आणि समोर गिळायला लावतात. काही मुली ती जिभेखाली दाबून धरतात आणि मग खिडकीतून बाहेर थुंकतात, हे बाईंनाही ठाऊक असतं. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. वाढत्या वयाच्या मुलीला रक्त कमी पडू नये म्हणून ही सोय.

आता समजा, यातलीच एक मुलगी नववीनंतर शाळेत दिसेनाशी झाली आणि वर्षभराने गावच्या आरोग्य उपकेंद्रात गरोदर म्हणून नाव नोंदवायला आली. तिथल्या नर्सबाई तिला लाल गोळी देतात. रोज एक, निदान १८० दिवस. लाल गोळीत लोह किती? ६० मिलिग्रॅम. फॉलिक अॅसिड? ५०० मायक्रोग्रॅम. औषध तेच आहे. रंग बदलला, आठवड्याची गोळी रोजची झाली, आणि त्या मुलीकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलली. काल हजेरीपटावर ती 'विद्यार्थिनी' होती, आज नोंदवहीत ती 'माता' आहे. तिच्या शरीराला मात्र हा बदल कुणी कळवलेला नसतो. ते आपलं वाढण्याचं काम करतच असतं. कोवळ्या वयातल्या आईच्या निम्म्याहून अधिक अडचणी इथून सुरू होतात असं मला वाटतं. ती अजून मुलगी आहे, हे तिच्याभोवतीचे सगळे एका दिवसात विसरून जातात.

'कुमारी माता' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या सिनेमातली, पावसात बाळ घेऊन उभी असलेली बिनलग्नाची मुलगी येते. प्रत्यक्षात आपल्याकडच्या बहुतेक किशोरवयीन आयांच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. म्हणजे साधारण तेरा जणींमागे एक. देशाचा आकडा ६.८ टक्के होता. स्वतःला पुढारलेलं म्हणवणारं आपलं राज्य या बाबतीत देशाच्या मागे आहे. अठरा पुरी होण्याआधी लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के, बीड जिल्ह्यात ४३.७ आणि परभणीत ४८.

बीडचा आकडा समजून घ्यायचा तर उसाच्या फडात जावं लागतं. तिथे कोयता म्हणजे हत्यार आणि कोयता म्हणजे जोडपंही. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. एकटा माणूस अर्धा कोयता. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गावातून निघतात आणि ऊन तापू लागल्यावर परततात. आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? हा प्रश्न खोटा नाही. त्यांना सुचणारं उत्तर म्हणजे लग्न. मग पुढच्या हंगामात तीच पोर दुसऱ्या कोयत्याचा अर्धा भाग होऊन, कोपीतल्या चुलीवर भाकरी थापून, पोटात चार-पाच महिन्यांचं मूल असताना उसाच्या मोळ्या वाहत असते. दारिद्र्य, असुरक्षितता आणि शाळेचं लांबचं अंतर यांचा हिशेब तिच्या शरीरावर मांडला जातो. लोकांना 'मानसिकता बदला' असं भाषण देऊन हा हिशेब फिटत नाही.

"आमच्या आज्यांना नव्हती का झाली चौदाव्या वर्षी मुलं? काय बिघडलं?" हे वाक्य कुठल्याही पारावर ऐकायला मिळतं. मी माझ्या आजीला एकदा विचारलं होतं, तुला मुलं किती? ती म्हणाली पाच. थोड्या वेळाने, तांदूळ निवडता निवडता, "राहिलेली पाच," अशी तिने दुरुस्ती केली. आज्यांच्या पिढीत मोजणी राहिलेल्यांची व्हायची. गेलेल्या मुलांची नि बाळंतपणात गेलेल्या बायकांची मोजणी कुणी ठेवलीच नाही, म्हणून काही बिघडलं नाही असं आपल्याला वाटतं.

ज्यांची नोंद राहिली त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव आनंदीबाई जोशी यांचं. पाठ्यपुस्तकात त्या पहिल्या महिला डॉक्टर म्हणून येतात. पण त्याआधी त्या किशोरवयीन आई होत्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा, आणि तो मुलगा दहा दिवसांत गेला. वैद्यकी शिकायची इच्छा या दुःखातून उभी राहिली. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तोही हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी, त्या गेल्या. कायदा मात्र गोगलगायीच्या चालीने वर चढत होता. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय १० होतं, १८९१ मध्ये मोठ्या गदारोळानंतर ते १२ झालं. मुलीच्या लग्नाचं किमान वय १९२९ च्या शारदा कायद्याने १४ ठरवलं, १९४९ मध्ये १५ झालं आणि १८ व्हायला १९७८ साल उजाडावं लागलं.

वयाच्या या आकड्यांमागे शरीराचं साधं गणित आहे. पाळी आली म्हणजे मुलगी आई व्हायला तयार झाली, हा समज खोलवर रुजलेला आहे. पाळी सुरू झाल्यावर उंची वाढणं एक-दोन वर्षांत मंदावतं, पण कटीची हाडं त्यानंतरही काही वर्षं रुंदावत राहतात. बाहेरून बाई दिसणाऱ्या मुलीची प्रसूतीची वाट आतून अजून अरुंद असू शकते. बाळाचं डोकं अडतं, कळा तासन्‌तास चालतात, आणि जवळ सिझेरियनची सोय नसेल तर आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डन शहरात थेरेसा शॉल आणि सहकाऱ्यांनी गरोदर किशोरींची मापं काळजीपूर्वक घेतली. ज्या मुलींची स्वतःची वाढ अजून चालू होती, त्यांचं वजन गरोदरपणात चांगलं वाढलं, पण त्यांची बाळं मात्र तुलनेने कमी वजनाची निघाली. म्हणजे आईचं वाढतं शरीर आणि पोटातलं बाळ एकाच ताटातून जेवत असतात, आणि आईचं शरीर आपला वाटा सहजी सोडत नाही. 'दोन जिवांचं खा' असं आपण गरोदर बाईला म्हणतो. सोळा वर्षांच्या गरोदर मुलीच्या ताटाला हिस्सेदार तीन असतात. बाळ, आई, आणि ती आई अजून जी व्हायची आहे ती मोठी बाई.

त्यात रक्त मुळातच कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ७ च्या खाली गेलं की परिस्थिती गंभीर, मग गोळ्यांवर थांबून चालत नाही, शिरेतून लोह द्यावं लागतं किंवा रक्त चढवावं लागतं. गोळीने मळमळतं, शौच काळं होतं, आणि घरातली कुणीतरी म्हणतं, "गोळीने बाळ काळं होईल, नको घेऊस." बाळाच्या रंगाशी गोळीचा काही संबंध नाही. रात्री जेवल्यावर, लिंबू पिळलेल्या भाजी-वरणानंतर गोळी घेतली की त्रास कमी होतो. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत घ्यायची नाही, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या पट्ट्यात सिकलसेलची तपासणीही लगोलग करून घ्यायला हवी, कारण तिथे रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असू शकतं.

तिसरा धोका रक्तदाबाचा. कमी वयाच्या आयांमध्ये गरोदरपणातले झटके, ज्याला डॉक्टर एक्लॅम्प्सिया म्हणतात, विशीतल्या बायकांपेक्षा जास्त आढळतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झटका येण्याआधी शरीर बहुधा निरोप पाठवतं. डोकं ठणकत राहतं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येतात, पोटाच्या वरच्या भागात दुखतं, सकाळी उठल्यावर चेहरा आणि हात सुजलेले दिसतात. अशा वेळी "पहिलटकरीण आहे, होतं असं" म्हणून वाट बघायची नसते, त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यायचा असतो. आणि झटका आलाच तर कांदा हुंगवण्यात किंवा देवऋष्याला आणण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करायचा. यावर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे. ते स्वस्त आहे, जुनं आहे आणि जीव वाचवतं.

हे सगळं ऐकून कुणी घाबरून जाऊ नये म्हणून सांगते: वेळेवर नाव नोंदवलं, तपासण्या झाल्या, रक्त वाढवलं आणि बाळंतपण सोय असलेल्या दवाखान्यात झालं, तर सतरा-अठराच्या बहुसंख्य मुली सुखरूप सुटतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरकडून तपासणीची खास सोय असते. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलीने माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावं. नाव गावी नोंदवलेलं असलं तरी फडाजवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी होते, आणि कार्डावर आधीचं रक्तगट-हिमोग्लोबिन दिसलं तर तिथल्या डॉक्टरांचं काम निम्मं सोपं होतं.

पण इथेच एक गाठ बसलेली आहे. मुलगी अठराच्या आत असेल तर तिचं गरोदर असणं हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो. लग्न झालेलं असलं तरीही, कारण ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराच्या कायद्यातली अठराखालच्या पत्नीबाबतची सूट काढून टाकली. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. कायद्याचा हेतू मुलीला वाचवण्याचा आहे. घरच्यांना मात्र दिसतात ते पोलीस, कोठडी आणि जावयाची नोकरी. मग सासू नोंदणीच्या खिडकीशी सांगते, "एकोणीस लिहा बाई." आणि एकोणीस लिहिलं जातं.

या खोट्या वयाची किंमत मुलगीच भरते. खरं वय लिहिलं असतं तर तिच्या नावापुढे 'जोखमीची माता' अशी खूण झाली असती, नर्सबाई जास्त वेळा घरी आल्या असत्या, बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरलं असतं. एकोणीस लिहिल्यावर ती चारचौघींसारखी होते. खरं वय लिहिलं तर दुसरीकडे मुकावं लागतं: पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये देणारी प्रधानमंत्री मातृवंदना योजना १८ वर्षं ७ महिन्यांच्या आतल्या आईला लागूच नाही. बालविवाहाला उत्तेजन मिळू नये हा त्यामागचा विचार असेल. पण लग्न तिने ठरवलेलं नव्हतं, आणि दूध-अंड्यांची गरज तिलाच सगळ्यांत जास्त आहे. हा नियम मला आजवर पटलेला नाही. घरच्यांना मी एवढंच सांगेन, दाखला काही असो, तपासणाऱ्या डॉक्टरांना खरं वय कळलंच पाहिजे.

कायद्याची दुसरी बाजू मुलीच्या बाजूने आहे आणि ती क्वचितच कुणी तिला सांगतं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार असं लग्न तिला स्वतःला रद्द करून मागता येतं. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, ही मुदत असते. लग्न रद्द झालं तरी तिला पोटगी आणि राहण्याची सोय मागता येते, आणि त्या लग्नातून झालेलं मूल कायद्याने औरसच राहतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण? ग्रामसेवक. ज्यांच्याकडे आपण घरपट्टी भरायला जातो तेच.

बाळंतपण झालं की पाहुण्यांचं लक्ष पाळण्याकडे जातं. आपल्याकडची सव्वा महिन्याची रीत खरं तर या मुलीसाठी वरदान आहे. माहेरपण, अंगाला तेल, गरम पाणी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, स्वयंपाकातून सुटी. यातला आराम ठेवावा आणि बाकीचं गाळून घ्यावं. बाळंतिणीला पाणी कमी प्यायला देणं, भाज्या-फळं वर्ज्य करणं, कोंदट खोलीत धुरी देणं, बाळाला गुटी किंवा मध चाटवणं, यांनी नुकसानच होतं. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचं नसतं, तासाभराच्या आत बाळाला पाजायचं असतं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. कोवळ्या वयाच्या आईला दूध पुरत नाही हा समजही खोटा आहे. तिला येत नसतं ते पाजण्याचं तंत्र, आणि ते कुणालाच जन्मतः येत नाही. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड न जाता भोवतालचा काळा भागही गेला पाहिजे, एवढं शेजारी बसून कुणी दाखवलं तरी निम्मं रडं थांबतं.

मग येते रात्र. किशोरवयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. या वयात झोप उशिरा येते आणि सकाळी हटत नाही, आठ ते दहा तासांची झोप लागते. नवजात बाळ दर दोन-तीन तासांनी उठतं. ही दोन घड्याळं एकमेकांवर आदळतात. "काय गं, मूल रडतंय आणि तू घोरतेस?" असं म्हणण्याआधी सासूने किंवा आईने हे ध्यानात घ्यावं की ही आळशी नाही, ही सोळा वर्षांची आहे. पाजून झाल्यावर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं ही कामं दुसऱ्या कुणालाही येतात. नवऱ्यालाही येतात, लाजून काम टळत नाही. रात्रीतून एकदा सलग चार तास तिला झोपू देणं हे महागड्या टॉनिकपेक्षा गुणकारी आहे.

बाळंतपणानंतर आठवडा-दोन आठवडे उगाच रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, भूक-झोप उडाली असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल किंवा सतत अपराधी वाटत असेल, तर तो आजार आहे. किशोरवयीन आयांमध्ये तो मोठ्या वयाच्या आयांपेक्षा अधिक आढळतो. याला घरात 'नखरे' म्हणतात किंवा 'बाहेरचं' म्हणतात. मुलीला काय वाटतं ते कुणी विचारत नाही, कारण तिला विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नसतं. तिच्या मैत्रिणी अजून इन्स्टाग्रामवर रील टाकत असतात आणि ती धुणं वाळत घालत असते. हे वेगळं पडणं लहान नाही. अशा वेळी १४४१६ या मानसिक आरोग्याच्या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून फुकट बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, कानात आवाज ऐकू येत असतील, तर फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठायचा. औषधं आहेत, आणि बहुतेक औषधं दूध पाजतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात.

या काळात तिच्या दारात येणारी सगळ्यांत उपयोगी व्यक्ती म्हणजे आशाताई. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईच्या घरी आशा ४२ दिवसांत सहा वेळा येते, बाळाचं वजन करते, ताप बघते. या घरभेटींचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पुढे देशभर हीच पद्धत स्वीकारली गेली. आशाताई आली की बहुतेक घरांत सासूच बोलते आणि सून आत चहा करते. आशांनी चहा नको म्हणावं आणि मुलीला बाहेर बोलवावं. पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोलायला मिळालं तर जे कळतं ते वजनकाट्यावर दिसत नाही.

त्या पाच मिनिटांत बोलायची एक गोष्ट म्हणजे पुढचं मूल. पहिल्या बाळानंतर वर्षाच्या आत पुन्हा दिवस जाणं या वयात सर्रास घडतं, आणि सगळं पुन्हा, आधीच झिजलेल्या शरीरावर सुरू होतं. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्यात निदान दोन वर्षांचं अंतर असावं. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, दवाखान्यातून घरी येण्याआधीच बसवता येते. 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर चालतं. 'छाया' ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची, तिच्यात हार्मोन नसतात. सगळं सरकारी केंद्रात मोफत. ज्या मुलीला ओट्यावरच्या डब्यात गोळ्या ठेवायची भीती वाटते, तिला इंजेक्शन सोयीचं पडतं. ते दंडावर टोचून घेऊन घरी येता येतं, कुणाला दिसत नाही. सुनेने असं लपून करावं का, यावर वाद घालायला माझी हरकत नाही, पण तो वाद तिच्या तिसऱ्या बाळंतपणानंतर घालू नये.

बिनलग्नाची मुलगी गरोदर राहते तेव्हा वाट आणखी अरुंद होते, कारण घरच्यांचा पहिला धक्का बहुधा रागात बाहेर पडतो आणि त्या रागात आठवडे निघून जातात. गर्भपाताच्या कायद्यात आठवडेच महत्त्वाचे आहेत. २०२१ च्या सुधारणेनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या आणि अल्पवयीन मुलीसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. पालकाची लेखी संमती लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव सांगण्याची गरज नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी मुली दुकानातून गोळ्या आणून रक्तस्राव अंगावर काढतात. मूल जन्माला आल्यावर सांभाळणं शक्य नसेल, तर बालकल्याण समितीपुढे ते सोपवता येतं, आणि सोपवल्यानंतर ६० दिवसांपर्यंत आईला विचार बदलता येतो. ठेवायचं ठरवलं तरी मार्ग आहे. वडिलांचं नाव न देता आईच्या नावाने बाळाचा जन्मदाखला मिळतो, हे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे.

हे सगळं नवं आहे असं मानू नये. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे गुपचूप बाळंत होता यायचं. मूल घेऊन जायचं की ठेवून जायचं हे त्या बाईने ठरवायचं. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा फुल्यांनी पुढे दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत, तो डॉक्टर झाला. दीडशे वर्षांपूर्वी या दोघांनी आधी दार उघडलं आणि चौकशी नंतर केली.

राहता राहिली शाळा, आणि माझ्या मते ती सगळ्यात मोठी गोष्ट आहे. जमैकात १९७८ पासून सरकारी पाठबळाने एक केंद्र चालतं. गरोदर राहिल्यामुळे शाळा सुटलेल्या मुली तिथे येऊन अभ्यास चालू ठेवतात, बाळाला सांभाळायला शिकतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा नेहमीच्या शाळेत परततात. आपल्याकडे असं केंद्र नाही, पण आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म आहे. शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीची परीक्षा देण्यासाठीचा हा राज्य मंडळाचा अर्ज. लग्न किंवा मूल त्याच्या आड येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो आणि फी एवढं लागतं. नोंदणी साधारणपणे पावसाळ्याच्या सुमारास सुरू होते. दाखला बहुतेक वेळा सासरी नसतो, माहेरच्या ट्रंकेत किंवा शाळेच्या कपाटात असतो, आणि तो आणायला कुणीतरी दिवस मोडून जावं लागतं. त्या एका फेरीवर पुष्कळ काही अडकलेलं असतं.

समजा, बाळ जानेवारीत झालं. जुलैत ते सहा महिन्यांचं होईल, वरणाचं पाणी चाटायला लागेल, तेव्हा फॉर्म भरायचा. परीक्षा पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर बाळ तेरा महिन्यांचं झालेलं असतं, धरून धरून चालायला लागलेलं असतं आणि मऊ भात खातं. मराठीचा पेपर तीन तासांचा असतो. तेवढा वेळ ते आजीजवळ राहतं.